लिनक्स मिंटवर मराठी बघवत नव्हती, मुक्ता फॉन्ट टाकला: रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. मुक्ता फॉन्ट फुकट आहे, दिवसभर वाचायला चांगला आहे, ठळक अक्षर खरोखर ठळक दिसतं, मेनूमधे आणि एक्सेलसारख्या शीटमधे मात्र थोडा उंच पडतो. ५ पैकी ४. पण नुसता फॉन्ट डाउनलोड करून भागत नाही, मिंटला (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट लिनक्स सिस्टीम) तो वापरायला भाग पाडावं लागतं आणि इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून बाकीचं पुराण.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, प्रोसेसर पण त्यांच्या यादीतलाच पाहिजे, त्यामुळे धडधाकट मशीनं एका रात्रीत म्हातारी ठरली. माझं पण त्यातलंच एक. रॅम टाकून घेतलेली, एसएसडी टाकलेली, फेकायचं कशाला? मिंट टाकलं. वेगाबद्दल काही म्हणणं नाही, मशीन पळतं. पण माझं काम म्हणजे दिवसभर मराठी प्रुफं वाचणं, आणि पहिली फाइल उघडली तर अक्षरं अशी की एखाद्याला वाटावं डोळ्याचा नंबर वाढला. इंग्रजी एकदम स्वच्छ, आणि त्याच ओळीतली मराठी बारीक, खालीवर, मधेच काळीकुट्ट. ज्या दुकानात मशीन दिलं होतं तिथला पोरगा म्हणाला, काका, लिनक्सला मराठी अशीच दिसते, सवय होते. सवय कशाला करायची? ज्याला मराठी वाचून पोट भरायचंय त्यानं सवय करायची नसते, दुरुस्त करायचं असतं.

आता हे होतं का ते थोडक्यात. मिंटचा डिफॉल्ट फॉन्ट आहे उबुंटू. दिसायला छान आहे, पण त्यात देवनागरीच नाही. मग स्क्रीनवर मराठी अक्षर आलं की सिस्टीम, म्हणजे आतली फॉन्टकॉन्फिग नावाची व्यवस्था, मशीनमधल्या बाकीच्या फॉन्टच्या रांगेत बघते की देवनागरी कुणाकडे आहे, आणि रांगेत जो आधी सापडला त्याला उभा करते. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबुंटू लिनक्सच्या घराण्यात (फॉन्टचं नाव त्यावरूनच) जुन्या देवनागरी फॉन्टचं एक गाठोडं येतं, लोहित, गार्गी, नकुल, सहदेव, सम्यक, सराय वगैरे. ज्या काळात लिनक्सवर मराठी दिसणं हीच मोठी गोष्ट होती त्या काळातले हे फॉन्ट, लोकांनी मेहनतीनं बनवून फुकट वाटलेले, त्यांना नावं ठेवायची नाहीत. लोहित तर आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं बनवलेला आणि रेड हॅटनं मोकळा केलेला. पण यातले बरेचसे फक्त एकाच जाडीत आहेत, लोहित आणि गार्गी तर नक्कीच. ठळक, म्हणजे बोल्ड, त्यांच्याकडे नाहीच.

नाही म्हटल्यावर सिस्टीम काय करते, साध्याच अक्षराला चारी बाजूंनी शाई फासते आणि म्हणते घ्या बोल्ड. इंग्रजीत हे एकवेळ खपून जातं, मराठीत खपत नाही, कारण आपल्या अक्षरांच्या पोटात जागा कमी. ‘ष’ मधली तिरकी रेघ कडेला चिकटते आणि अख्खं अक्षर काळा ठिपका होतं, ‘ध’ चा वरचा वाटोळा भाग बुजतो आणि शिरोरेषा नसलेला ‘ध’ आणि शिरोरेषेचा ‘घ’ ओळखायला मान पुढे काढावी लागते, ‘क्ष’ तर विचारूच नका. मला मथळ्यात ‘धन’ आहे का ‘घन’ हे कळेना म्हणून फाइल २०० टक्के मोठी करून बघावी लागत होती. बातमीच्या साइट्सवर मथळे बोल्डच असतात, मेलमधे न वाचलेल्या मेलचे विषय बोल्ड असतात, म्हणजे जे नजरेत पहिलं भरायला हवं तेच सगळ्यात घाण दिसतं. लोक इथे म्हणतात रेंडरिंग, म्हणजे स्क्रीनवर अक्षरं रंगवायचं काम, खराब आहे. रेंडरिंगचा दोष त्यात कमीच असतो, बोल्ड फॉन्टच हजर नसतो ही खरी गोम आहे. त्यामुळे तिथे कितीही सेटिंगं फिरवली तरी उपयोग शून्य.

तुमच्याकडे कोणता फॉन्ट उभा राहतोय हे बघायचं असेल तर टर्मिनलमधे एफसी-मॅच नावाची कमांड आहे, तिला सॅन्स (टोकाला शेपट्या नसलेला साधा) फॉन्ट आणि भाषा एमआर, म्हणजे मराठी, असं विचारलं की ती नाव सांगते. माझ्याकडे गार्गी निघाला. टर्मिनलची भीती वाटत असेल तर मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा, तिथे बहुतेक वेळा तुमच्याच मशीनमधला फॉन्ट दिसतो, मथळा लख्ख दिसला तर ठीक, सारवल्यासारखा दिसला तर पुढे वाचा. बातमीच्या साइट्सवरून अंदाज बांधू नका, त्यातल्या पुष्कळ स्वतःचा फॉन्ट स्वतःच पाठवतात.

मी तीन फॉन्ट लावून बघितले. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता आणि वाचनासाठी टिरो देवनागरी मराठी. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे, गूगल फॉन्ट्सवरून मिळतात, एक पैसा नाही. परीक्षेसाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे, अर्थ शोधू नका: “कऱ्हाडच्या दुसऱ्या ॲडव्होकेटची क्लृप्ती वाङ्मयासकट उद्ध्वस्त”. यात ‘ऱ्हा’ आणि ‘ऱ्या’ मधला अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा आला पाहिजे, तुटून र आणि पाय मोडका दिसला की फॉन्ट बाद. ‘ॲ’ युनिकोडमधे आला २००८ साली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमधे तिथे चौकोन दिसतो, आणि म्हणूनच बऱ्याच जणांना अ वर वेगळा चंद्र ठेवायची सवय लागली, त्यात मग मधेच टिंबांचं वर्तुळ उगवतं. ‘द्ध्व’ मधे अक्षरं एकावर एक बसली पाहिजेत पण लगदा व्हायला नको.

तिन्ही फॉन्ट या वाक्यात पास झाले. फरक पडतो तो छोट्या साइझला.

नोटोच्या बारीक ते अगदी जाड अशा नऊ जाड्या आहेत, अक्षर नीटस, कुठे नाव ठेवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर कुठे जीव लावायलाही नाही. सरकारी कार्यालयातल्या पाटीसारखं आहे, चुकत नाही. जोडाक्षरांचा साठा मात्र दांडगा, संस्कृत कोट्स असलेला मजकूर असेल तर नोटोच बरा. शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्याच्या पोटात आहेत, फक्त ॲपनं त्याला सांगावं लागतं की भाषा मराठी आहे, नाहीतर तो हिंदी वळणाचे काढतो. शासनाच्या वर्णमालेच्या जीआरमधला पाकळीचा ल आणि देठाचा श ज्यांना हवाच असतो, शाळेची पुस्तकं करणारे किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढणारे वगैरे, त्यांनी लिबर ऑफिसमधे मजकुराची भाषा मराठी करावी म्हणजे हे आपोआप होतं. भाषा हिंदी ठेवून ‘फॉन्टमधे मराठी ल नाही’ म्हणून फॉन्टच्या नावानं खडे फोडणारे मी पाहिलेत.

मुक्ता केलाय मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी, बलू पण त्यांचाच. सात जाड्या, एक्स्ट्रालाइट ते एक्स्ट्राबोल्ड. याची गंमत ही की अक्षराचं पोट मोकळं ठेवलंय, त्यामुळे १० पॉइंटला सुद्धा ‘ष’ मधली रेघ सुटी दिसते आणि ‘भ’ ‘म’ चा गोंधळ होत नाही. इंग्रजी अक्षरं त्याच फॉन्टमधे आहेत आणि ती देवनागरीच्या मापात बसवलेली आहेत, म्हणजे ‘पीडीएफ ओपन होत नाही’ छाप वाक्य खरोखर इंग्रजी लिपी मिसळून लिहिलं तरी एक भाषा मोठ्यानं बोलतेय आणि दुसरी कुजबुजतेय असं होत नाही. माझ्यासाठी हाच निर्णायक मुद्दा. सेमीबोल्ड तर फारच कामाचा, मथळ्याला बोल्डपेक्षा तोच लावा, जास्त वाचनीय आहे. एक्स्ट्रालाइट स्क्रीनवर वापरू नका, साध्या मॉनिटरवर शिरोरेषा राखाडी होऊन विरून जाते.

आता एक गुण ज्यासाठी कापला ते. मुक्ताच्या ओळीची उंची फॉन्टच्या साइझच्या साधारण १.६६ पट आहे. का, तर वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा दुसरा मजला, हे सगळं न कापता बसावं म्हणून, आणि वाचायच्या मजकुराला ते उत्तमच. पण तोच फॉन्ट सगळ्या सिस्टीमला लावला की मेनू लांबलचक होतात, फाइलींच्या यादीत एका स्क्रीनवर आधीपेक्षा कमी फाइली मावतात, आणि लिबर ऑफिसच्या कॅल्कमधे ओळींची उंची वाढून पत्रकाचं एक पान जास्त निघतं. ज्यांचं काम शीटमधे आहे त्यांनी तिथे नोटोच लावावा. मी मेनूला साइझ एक पॉइंट कमी केली, अक्षर मोकळं असल्यामुळे वाचता येतं, पण आवडलं असं म्हणणार नाही.

लावायची पद्धत दोन प्रकारची. सोपी पद्धत: झिप उघडा, फॉन्टवर डबल क्लिक, इन्स्टॉल, मग मिंटच्या सेटिंगमधे फॉन्ट सिलेक्शन मधे जाऊन डिफॉल्ट फॉन्ट आणि डॉक्युमेंट फॉन्ट दोन्ही मुक्ता करा, लॉगआउट करून परत या. सातच्या सात फाइली टाका, नुसता रेग्युलर टाकलात तर बोल्डला परत शाई फासणं सुरू. यात इंग्रजी पण मुक्ताचीच दिसेल, ती वाईट नाही.

दुसरी पद्धत ज्यांना इंग्रजीला उबुंटूच हवाय त्यांच्यासाठी. होम फोल्डरमधे लपलेलं कॉन्फिग फोल्डर असतं, त्यात फॉन्टकॉन्फिग नावाचं फोल्डर, त्यात फॉन्ट्स डॉट कॉन्फ नावाची छोटी एक्सएमएल फाइल करायची आणि तिच्यात रांग लिहून द्यायची: सॅन्स सेरिफ कुणी मागितला तर पहिला उबुंटू, दुसरा मुक्ता, तिसरा नोटो सॅन्स देवनागरी. क्रम महत्त्वाचा. उबुंटूत देवनागरी नाही म्हणून मराठी आपोआप मुक्ताकडे जाते आणि इंग्रजी पहिल्याकडेच राहते, भाषेची वेगळी अट घालायची पण गरज नाही. मुक्ता पहिला लिहिलात तर इंग्रजी पण तोच खाणार. जुने फॉन्ट काढून टाकायची काही गरज नाही, रांगेत पुढे आपला माणूस उभा केला की मागच्यांचा त्रास नाही.

फायरफॉक्स आपल्या मर्जीचा मालक आहे, त्याच्या सेटिंगमधे फॉन्ट्स, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे वरच्या यादीतून देवनागरी निवडून वेगळा फॉन्ट देता येतो, साइझ पण वेगळी. हे फार थोड्यांना माहीत आहे. मी तिथे सेरिफला टिरो मराठी आणि सॅन्सला मुक्ता दिलाय आणि किमान साइझ १४ केलीय, लांब लेख वाचायला टिरोसारखं सुख नाही, छापील पुस्तकासारखी जाड-बारीक रेघ आहे आणि ल, श थेट मराठी वळणाचे. पण त्याच बारीक रेघांमुळे तो १२ च्या खाली नेऊ नका. आणि फ्लॅटपॅकमधून घेतलेली ॲप्स तुमची कॉन्फ फाइल वाचत नाहीत कारण ती स्वतंत्र खोलीत राहतात, त्यांना त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते, फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून देता येते.

हे झाल्यावर मग हिंटिंग वगैरे. आधी नाही. लोक उलटं करतात. फॉन्ट सिलेक्शनमधेच खाली अँटीअलायझिंग आणि हिंटिंग आहे. अँटीअलायझिंग म्हणजे अक्षराच्या कडा फिकट छटांनी गुळगुळीत करणं. हिंटिंग म्हणजे अक्षराच्या रेघा पिक्सेलच्या चौकटीवर ओढून बसवणं. मराठीसाठी ‘स्लाइट’ ठेवा. स्लाइटमधे अक्षर फक्त उभ्या दिशेनं, म्हणजे वर-खाली सरकवून पिक्सेलवर बसतं, आडवं नाही, आणि आपली शिरोरेषा आडवी रेघ असल्यामुळे नेमका तिलाच याचा फायदा, ती दोन पिक्सेलांत अर्धी अर्धी फिकट होण्याऐवजी एकाच ओळीवर काळी बसते. ‘फुल’ केलं की काही फॉन्टमधे अक्षरांमधली अंतरं बिघडतात, आणि आपल्याकडे अंतर बिघडणं म्हणजे शिरोरेषा दोन अक्षरांच्या मधे तुटणं. ‘नन’ केलं की सगळं मऊ मऊ दिसतं, ज्यांचा मॉनिटर फोर के आहे त्यांना ते चालेल.

अँटीअलायझिंगला आरजीबी (रंगीत छटांनी) का ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांनी), तर मॉनिटरवर आहे. माझा २४ इंची फुल एचडी, म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल, तिथे आरजीबीनं उभे दांडे चांगलेच सुधारतात. पण मॉनिटर उभा फिरवून लावलेला असेल किंवा रंगाची झालर डोळ्याला खुपत असेल तर ग्रेस्केल. जीटीके ४ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वर बनलेली नवी ॲप्स आरजीबी पाळत नाहीत, ती ग्रेस्केलच दाखवतात, तुमचं काही बिघडलेलं नाही. स्क्रीन मोठी करायला १२५ टक्क्यांचं स्केलिंग लावू नका, त्यापेक्षा तिथेच टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर आहे तो १.१ किंवा १.२ करा, अक्षर मोठं होतं आणि पुसट होत नाही.

शोधायला गेलात तर २०१२-१३ च्या आसपासचे भलेमोठे उपाय सापडतील, इन्फिनॅलिटी नावाचे अक्षर सुधारायचे पॅच टाका, अमका पॅच लावा, लायब्ररी परत कंपाइल करा. त्या नादाला लागू नका. त्या काळी त्याला कारण होतं, अक्षरं रंगवणारी फ्रीटाइप ही लायब्ररी पेटंटच्या भानगडीत हात बांधून काम करत होती. ॲपलची हिंटिंगवरची पेटंटं २०१० ला संपली, मायक्रोसॉफ्टची क्लिअरटाइपची २०१९ ला, आणि इन्फिनॅलिटीतलं जे चांगलं होतं ते २०१६ मधेच फ्रीटाइप २.७ मधे आलं. आजच्या मिंटमधे इंजिन उत्तम आहे, त्याच्या तोंडात घास चुकीचा जातो एवढंच.

लिबर ऑफिसवाल्यांसाठी एक वेगळी डोकेदुखी आहे. सरकारी किंवा शाळेच्या ज्या फाइली येतात त्या बहुतेक मंगल मधे नाहीतर निर्मला यूआय मधे असतात, आणि हे दोन्ही विंडोजबरोबर येणारे फॉन्ट, लिनक्सवर नसतात. मिंटमधून मायक्रोसॉफ्ट फॉन्टचं जे पॅकेज टाकता येतं त्यात एरियल, टाइम्स वगैरे येतात, मंगल येत नाही, त्यामुळे ते टाकून मराठी सुधारेल या आशेवर राहू नका. लिबर ऑफिसच्या ऑप्शन्समधे फॉन्ट्समधे रिप्लेसमेंट टेबल आहे, तिथे मंगलच्या जागी नोटो लिहून ठेवा. मुक्ता लिहिलात तर दिसेल सुंदर पण ओळींचा हिशोब बदलून पानं सरकू शकतात आणि तुम्ही पाठवलेल्या दुरुस्तीतला ‘पान १४, ओळ ६’ समोरच्याला सापडत नाही. प्रुफाच्या कामात हे परवडत नाही, म्हणून मी मंगलच्या फाइलींना नोटो आणि माझ्या स्वतःच्या लिखाणाला मुक्ता असं वाटून घेतलंय. पानं हुबेहूब जुळणं गरजेचं असेल तर समोरच्याकडून पीडीएफच मागवा.

आणि फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर आहे, युनिकोड नव्हे. तो वेगळा आजार, त्याला कन्व्हर्टर लागतो, वरच्या कशानंही तो बरा होणार नाही.

टर्मिनलमधे मराठीची अपेक्षा मुळातच ठेवू नका, वेलांट्या कुठेही जाऊन बसतात, मुक्ता लावा नाहीतर आणखी काही. म्हणून मी फाइलींची नावं इंग्रजीतच ठेवतो.